शेतबांधावरील जीवसृष्टी : सत्त्वावजयाचे एक उपेक्षित साधन

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील उपकल्पनीय अध्याय आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. शोधनकर्मापूर्वी आतुरालयात कोणती सिद्धता असावी याचे वर्णन त्यात आले आहे. पदवी परीक्षेच्या वेळी आपण बहुतेकांनी वास्तूचे व परिचारकांचे गुण आणि उपकरणांची यादी पाठ केली. मात्र त्याच यादीत गायन-वादन जाणणारे व कथा-इतिहास सांगणारे लोक, वासरासह दुभती गाय आणि लाव, कपिंजल, ससा, हरीण असे पशुपक्षीही सांगितले आहेत, याकडे सहसा लक्ष जात नाही. या पशुपक्ष्यांचा उल्लेख तेथे मांसरसासाठी आहे हे उघडच आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये तित्तिर, लावा, ससा वा हरीण पातेल्यात जाणे हा गुन्हा ठरतो, आणि ते योग्यच आहे. परंतु हे जीव रुग्णाच्या समीप असावेत, ही गोष्ट आम्हांस गेल्या काही वर्षांत निराळ्या कारणाने महत्त्वाची वाटू लागली आहे. पातेल्यातून सुटलेले हे पक्षी रुग्णाच्या डोळ्यांना आणि कानांना उपलब्ध आहेत. त्यांचा उपयोग दुर्बल रुग्णांसाठी कसा करता येईल, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

येथे 'दुर्बल' हा शब्द आम्ही केवळ शरीरबलाच्या अर्थाने वापरीत नाही. वृद्धाश्रमातील स्मृतिभ्रंशाचे रुग्ण, मनोरुग्णालयातून घरी वा आश्रमात परतलेली माणसे, बौद्धिक दिव्यांग मुले आणि ज्यांना कोणी भेटावयास येत नाही असे निराधार, हे सर्व त्यात येतात. आपल्या जिल्ह्यात अशांच्या सेवेची परंपरा मोठी आहे. १९८९ साली गिरीश कुलकर्णी व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केलेले स्नेहालय, तसेच शिंगवे नाईक येथे डॉ. राजेंद्र व डॉ. सुचेता धामणे यांनी निराधार मनोरुग्ण महिलांसाठी उभारलेले माउली सेवा प्रतिष्ठान यांचे कार्य वाचकांस विदित आहेच. पुढे दिलेले अनुभव या संस्थांमधील नसून, आम्ही पंधरवड्यातून एकदा रुग्णतपासणीसाठी जातो त्या एका लहान आश्रमातील आहेत. रुग्णांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील गाळले आहेत.

प्रथम देशविचार पाहू. अहिल्यानगर जिल्ह्याचा (२०२४ पूर्वीचे नाव अहमदनगर) पश्चिमेकडील अकोले तालुक्याचा डोंगराळ भाग सोडला, तर बहुतेक प्रदेश पर्जन्यछायेचा आहे. चरकाचार्यांनी कल्पस्थानाच्या आरंभी जांगल देशाची जी लक्षणे दिली आहेत, ती वाचताना पारनेर, कर्जत, श्रीगोंदा, पाथर्डीचा माळ डोळ्यांसमोर उभा राहतो. मोकळे आकाश, कोरडा वारा, खदिर, बदरी, शमी यांसारखे काटेरी वृक्ष, खडीमिश्रित जमीन आणि तिच्यावर फिरणारे लाव, तित्तिर, चकोर. वात-पित्तबहुल असा हा देश. जिल्ह्याचे वर्णन 'दुष्काळी' या एका शब्दात करण्याची आपल्याला सवय झाली आहे. परंतु दुष्काळी म्हणजे निर्जीव नव्हे. कर्जत तालुक्यात देऊळगाव-रेहेकुरी येथे १९८० साली काळविटांसाठी अभयारण्य झाले. त्याचे क्षेत्र अवघे २.१७ चौरस किलोमीटर; त्यामुळे काळविटांचे कळप भोवतालच्या शेतांतही चरताना दिसतात. नेवासे व शेवगाव तालुक्यांच्या कडेला नाथसागराच्या पाणथळीत हिवाळ्यात दूरदेशीचे पक्षी उतरतात. १९८६ पासून ते क्षेत्रही अभयारण्य आहे. तथापि आमच्या दृष्टीने अभयारण्य दुय्यम आहे. गुडघे धरलेल्या आजींना अभयारण्यात नेणे अवघड. ज्वारीच्या शेताच्या बांधावर खुर्ची टाकून बसविणे शक्य आहे. आणि माळढोक दाखवितो असे आश्वासन तर कोणी चुकूनही देऊ नये.

सत्त्वावजय म्हणजे अहितकर विषयांपासून मनाचा निग्रह, ही व्याख्या तिस्रैषणीय अध्यायातील. आपण चिकित्सालयात तिचा अर्थ बहुधा उपदेश असा करतो. 'विचार करू नका', 'मन रमवा' असे सांगतो आणि पुढील रुग्णाला बोलावतो. मन एका विषयातून काढावयाचे तर त्याला दुसरा विषय द्यावा लागतो, हे शास्त्रदृष्ट्या उघड असूनही तो विषय कोणता, कोठे, किती वेळ, हे आपण सांगत नाही. आश्रमातील भिंतींना पाहत वर्षे काढलेल्या माणसाने मन रमवावे तरी कशात? चार भिंती, जेवणाची घंटा, दूरचित्रवाणी संच आणि तीच तीच माणसे.

आमचा पहिला प्रयत्न पूर्णतः फसला, हे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. आश्रमातील सुमारे चाळीस जणांना आम्ही एका बसमधून एका स्नेह्याच्या शेतावर नेले. पोहोचेपर्यंत साडेअकरा वाजले. ऊन चढले होते, पक्षी झाडांत दडले होते. आम्ही हाती पुस्तक घेऊन पक्ष्यांची नावे सांगत होतो, मदतनीस छायाचित्रे काढण्यात गुंतले होते, आणि शेजारच्या शेतात मळणीयंत्र सुरू झाल्यावर उन्मादाचा इतिहास असलेला एक तरुण कानांवर हात ठेवून बसच्या चाकामागे जाऊन बसला. तो दोन दिवस नीट जेवला नाही. चूक सर्वस्वी आमचीच होती. औषधाची मात्रा, काल आणि अनुपान यांचा विचार केल्याविना एक चूर्णही न देणारे आम्ही, चाळीस व्याधितांना एकच मात्रा भर दुपारी देऊन मोकळे झालो होतो.

पुढील खेपेस केवळ सहा जण आणि त्यांच्यासोबत तीन परिचारक असे ठरविले. वेळ पौषातील सकाळी आठची, म्हणजे दव सुकू लागलेले आणि ऊन कोवळे. जागा एकच : विहिरीच्या थारोळ्याजवळील बाभळीखाली, जेथून एका बाजूस ज्वारी आणि दुसऱ्या बाजूस हरभरा दिसे. आणि नियम असा की, कोणी विचारल्याविना आम्ही काहीही सांगावयाचे नाही. शेवटचा नियम पाळणे आम्हांस सर्वांत कठीण गेले.

विहिरीवर वाकलेल्या फांदीला सुगरणीची गेल्या पावसाळ्यातील घरटी लोंबत होती. ही घरटी नर विणतो. अर्धे विणून झाले की मादी येऊन पाहते आणि पसंत पडले तरच ते पूर्ण होते. नापसंत झालेले अर्धवट घरटे तसेच लोंबत राहते. पुष्कळदा घरटे विहिरीवर वा काटेरी झाडावर असते, कारण तेथे साप आणि मांजर यांना पोहोचणे कठीण. ही माहिती आम्ही बोलून दाखविली नव्हती. एका गृहस्थांनी, जे आश्रमात दिवसभर एकाच जागी बसून असत, दोन तऱ्हेची घरटी बोटाने दाखवून "ही अर्धी का?" असे विचारले. मग सांगितले. त्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले, "म्हणजे पसंत नाही पडलं." त्यांचे घर सुटण्याचे कारण आम्हांस ठाऊक होते, त्यामुळे आम्हीही पुढे काही बोललो नाही.

त्याच सकाळी भोरड्यांचा थवा आला. पुस्तकात हिला पळसमैना म्हणतात. मध्य आशियापासून पूर्व युरोपपर्यंतच्या प्रदेशात वीण करून हे पक्षी पावसाळ्याच्या अखेरीस आपल्याकडे येतात आणि पळस-काटेसावरीचा फुलोरा आटोपल्यावर परततात. टोळ व नाकतोडे हे त्यांचे आवडते खाद्य; परंतु रब्बी ज्वारी दाण्यात आली की कणसांवरही त्यांची धाड पडते. शेकडो पक्षी एकाच वेळी वळतात, तेव्हा थव्याचा रंग काळ्याचा गुलाबी होतो. तो थवा ज्वारीवर उतरताच आमच्यातील सर्वांत वृद्ध आजी, ज्यांना मुलांची नावे आठवत नाहीत आणि ज्यांचे बोलणे दिवसाकाठी पाच-सात शब्दांवर आले होते, ताडकन उठल्या आणि त्यांनी "हाऽऽ हाऽऽ" अशी आरोळी ठोकली. उजवा हात डोक्याभोवती गोफणीसारखा फिरला. थवा उडाला. आजी खाली बसल्या आणि आमच्याकडे पाहून त्यांनी विचारले, "राखणीला कोन हाय?" पुढची वीस मिनिटे त्या बोलत होत्या. माळ्यावर बसून राखण कशी करीत, थवा कोणत्या अंगाने येतो, गोफणीला वाक कशाचा चांगला. शेवटी कणीस चोळून पाहत म्हणाल्या, "ही मालदांडी हाय. हुरड्याला गुळभेंडी लावली न्हाई का, डॉक्टर?"

पुढील आठवड्यात आजींना शेतावर गेल्याचे आठवत नव्हते. स्मृतिभ्रंश बरा झाला असा दावा आम्ही करीत नाही. असा दावा करणारे लेख आपल्याच व्यवसायात पुष्कळ निघतात आणि ते आपल्या शास्त्राचे नुकसान करतात. झाले ते इतकेच, की वीस मिनिटे त्या बाई राखणदार होत्या आणि आम्ही अडाणी होतो. शेतावर परत नेले की बहुधा ते पुन्हा घडते. परिचारिकेने त्यानंतर त्यांना भरवताना ज्वारीविषयी बोलण्यास आरंभ केला आहे आणि घास लवकर संपतो, अशी तिची नोंद आहे.

या अनुभवानंतर आम्ही शेतातील जीवांकडे पाहण्याची एक सोपी रीत योजली, आणि ती आपल्याच ग्रंथातील आहे. अन्नपानविधी अध्यायात प्राण्यांचे वर्ग पाडताना चरकाचार्यांनी रंग वा आकार प्रमाण न मानता प्राणी कसा खातो व कोठे राहतो हे पाहिले. विखरून, उकरून खाणारे ते विष्किर. चोच मारून खाणारे ते प्रतुद. झडप घालून हिसकावणारे ते प्रसह. बिळात राहणारे ते भूमिशय. नावे लक्षात न राहणाऱ्या रुग्णासाठी हे वर्गीकरण फार उपयुक्त आहे, कारण त्याला नाव आठवावे लागत नाही, केवळ पाहावे लागते. तित्तिर आणि मोर पायांनी माती उकरतात. पोपट कणसावर चोच चालवितो. शिकारी भोवत्या हिवाळ्यात हरभऱ्यावरून अगदी खालून संथ उडत येतो आणि झडप घालतो. बांधाच्या कपारीत घोरपड ऊन खात पडलेली असते. एका बौद्धिक दिव्यांग मुलाने या चार वर्गांसाठी हाताच्या चार खुणा स्वतःच तयार केल्या. आता तो आल्याबरोबर कावळ्याला झडपेची खूण करतो, आणि ते शास्त्रानुसार बरोबर आहे.

ज्यांच्या औषधनिर्मितीशाळेस जोडून वनौषधींची लागवड आहे, त्या सभासदांना याहून दूर जाण्याचेही कारण नाही. अडुळशाच्या फुलांवर शिंजीर येतो. तुळशीवर मधमाश्या असतातच. आणि अर्काचे, म्हणजे रुईचे झुडूप तर एक स्वतंत्र पाठशाळा आहे. पिवळ्या-काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा जो सुरवंट रुईची पाने खातो, तो पुढे नारिंगी पंखांचे 'बिबळ्या कडवा' नावाचे फुलपाखरू होतो. अर्काच्या क्षीरातील हृदयावर कार्य करणारी द्रव्ये या कुळातील कीटक शरीरात साठवितात, त्यामुळे पक्ष्यांना ते कडू लागतात आणि एकदा अनुभव घेतलेला पक्षी पुन्हा त्यांच्या वाटेस जात नाही. आपण ज्यास उपविषांत गणतो, त्यावर हा सुरवंट पुष्ट होतो. सात्म्याचे याहून सुंदर उदाहरण विद्यार्थ्यांनाही दाखविता येणार नाही. मात्र रुईचे क्षीर डोळ्यात गेल्यास गंभीर इजा होते. रुग्णांना पान तोडू देऊ नये. हात लावल्यास लगेच साबणाने धुवावेत.

ही कल्पना केवळ आमची नव्हे. इंग्लंडमधील यॉर्क येथे विल्यम ट्यूक यांनी १७९६ मध्ये मनोरुग्णांसाठी उघडलेल्या 'रिट्रीट' या निवासात अंगणांमध्ये ससे, कोंबड्या, समुद्रपक्षी व ससाणेही ठेवलेले असत. बेड्या व मारहाण यांच्या काळात ही गोष्ट विलक्षण होती. त्याच देशात मायकेल व क्लेअर मॉर्परगो यांनी १९७६ पासून शहरी वस्त्यांतील मुलांना एक एक आठवडा शेतावर ठेवण्याचा उपक्रम चालविला. नेदरलँडमध्ये आज हजाराहून अधिक शेते अशी आहेत की, जेथे वृद्ध व मनोरुग्ण दिवस घालवितात. १९८४ साली रॉजर उलरिक यांनी प्रसिद्ध केलेला छोटासा अभ्यास अनेकांनी वाचला असेल : पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्या रुग्णांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. रुग्ण एकूण ४६ होते. आपल्याकडे कृषिपर्यटन आणि हुरडा पार्ट्या वाढल्या आहेत, ही चांगली गोष्ट आहे. पण त्यांचा आनंद पैसे मोजू शकणाऱ्यापुरता आहे. असो.

आता पथ्यापथ्य. हा भाग कोणी वगळू नये. रुग्णाची चालू असलेली मानसरोगावरील औषधे या उपक्रमाच्या नावाखाली बंद वा कमी करू नयेत. त्यांपैकी काही औषधांमुळे उष्णता सोसत नाही व त्वचा उन्हाने भाजते. लिथियम घेणाऱ्यास पाण्याची कमतरता घातक ठरू शकते. म्हणून ग्रीष्मात आणि शरदाच्या तीव्र उन्हात आम्ही जात नाही. रुग्णाची स्वतःची संमती घ्यावी. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचा आशयही तोच आहे, आणि 'नको' म्हणणाऱ्यास त्या दिवशी खरोखरच नेऊ नये. हुरडा पचावयास जड आणि चावावयास कष्टाचा आहे. दात नसलेल्या, गिळताना ठसका लागणाऱ्या वृद्धास तो देऊ नये. शेतकऱ्यास फवारणीची तारीख विचारल्याविना पाऊल टाकू नये. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले, हे आपण विसरता कामा नये. फवारलेल्या शेतात पक्षी तरी कोठून दिसणार?

सर्पाविषयी थोडक्यात : नाग, मण्यार, घोणस व फुरसे हे चारही जिल्ह्यात आहेत. बंद पादत्राणे, हाती काठी आणि बसण्याची जागा आधी तपासलेली असावी. दंश झाल्यास आपल्या अगदतंत्राचा अभिमान बाजूस ठेवून प्रतिसर्पविष उपलब्ध असलेले रुग्णालय तत्काळ गाठावे. बिबट्याचे तसेच. अकोले परिसरात विद्या अत्रेय व सहकाऱ्यांनी केलेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जंगल नसलेल्या दाट वस्तीच्या शेतीप्रदेशात दर १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच बिबटे आणि तितकेच तरस आढळले. शेजारी राहूनही ते बहुधा माणसास टाळतात, ही त्यातील आश्चर्याची बाब. परंतु अलीकडच्या वर्षांत जिल्ह्यात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे मृत्युमुखी पडली आहेत. म्हणून उसाच्या कडेला बसू नये, आणि दिवस मावळण्याच्या पुष्कळ आधी परतावे.

एक बाब अशी की जी आम्हांस अनुभवानेच कळली. टिटवीचे ओरडणे आणि पिंगळ्याचा आवाज हे अनेकांच्या मनात मृत्यूशी जोडलेले आहेत. भयग्रस्त रुग्णास तो आवाज ऐकवून वर 'अंधश्रद्धा सोडा' असा उपदेश करणे ही क्रूरता होय. आधी विचारावे. एका भगिनींना आम्ही टिटवीची अंडी दुरून दाखविली : उघड्या जमिनीवर, खड्यांच्या रंगाची, घरटे म्हणावे असे काहीच नाही. आई ओरडते ती त्यांच्यापासून आपणांस दूर नेण्यासाठी. भीती गेली असे नव्हे. पण आता त्या टिटवी ओरडली की "पोरं हायेत तिची" असे म्हणतात.

औषधी दुकानदार बंधूंसाठी एक सूचना येथेच करावीशी वाटते. घोरपड पाहून घरी गेलेला रुग्ण वा त्याचा नातलग दुकानात येऊन घोरपडीचे तेल, सांड्याचे तेल किंवा 'हत्थाजोडी' मागू शकतो. हत्थाजोडी ही दुर्मिळ वनस्पतीची मुळी म्हणून विकली जाते. प्रत्यक्षात ते घोरपडीचे वाळविलेले जननेंद्रिय असते, हे २०१७ मध्ये तपासाअंती उघड झाले आहे. ती ठेवणे व विकणे हा गंभीर गुन्हा आहे. मांडूळ आणि दिवाळीतील घुबड यांच्याभोवतीचा व्यापारही त्याच जातीचा. एका हाताने रुग्णास बांधावरचा जीव दाखवावयाचा आणि दुसऱ्या हाताने तोच बरणीत विकावयाचा, असे घडल्यास लोक आपणांस काय म्हणतील, ते सांगावयास नको.

नोंदीविषयी. आम्ही प्रत्येक खेपेनंतर रुग्णपत्रिकेत चार गोष्टी लिहितो : त्या रात्रीची निद्रा, दुसऱ्या दिवशीची क्षुधा, स्वतःहून बोललेले शब्द आणि चिडचिड. काहींच्या निद्रेत फरक दिसतो, काहींच्या दिसत नाही, आणि दोघांना जाणे आवडेनासे झाले म्हणून थांबविले. एवढ्यावरून सिद्धांत मांडता येत नाही. ज्या सभासदांच्या शेताजवळ वा लागवडीजवळ एखादा आश्रम आहे, त्यांनी याच पद्धतीने पाच-सहा रुग्णांच्या एका हंगामाच्या नोंदी ठेवल्या, तर पुढील वर्षी त्या एकत्र मांडून पाहता येतील. आरंभ सुगीच्या आधी करावा. ज्वारी निघून गेल्यावर भोरड्या पळसाकडे वळतात. दीर्घंजीवितीय अध्यायात गुराखी, मेंढपाळ व वनचर वनस्पतींना नाव-रूपाने ओळखतात असे सांगितले आहे. सोबतीस गावातील एखादा मेंढपाळ असल्यास आमच्या अनुभवात पुस्तकाची गरज पडत नाही. आजींसाठी आमच्या स्नेह्यांनी यंदा बांधालगत गुळभेंडीचे चार तास पेरले आहेत.